माइकवर गेलेला नंबर

माझ्या मुलीला, निलमला, लग्नात आम्ही बिटकॉइन दिलं. आम्ही म्हणजे मी आणि तिची आई जयवंती. लग्नाच्या वेळी जयवंती नव्हती. पण देणं तिचं होतं, म्हणून मी आम्ही म्हणतो.

तलासरीला हायवेच्या नाक्यावर माझं मोबाइलचं दुकान आहे. रिचार्ज मारणं, कव्हर विकणं, फुटलेला डिस्प्ले बदलणं, ही कामं. घर उधव्याला. जयवंती उधव्याच्या अंगणवाडीत मदतनीस होती आणि संध्याकाळी दुकानात येऊन बसायची. गुजरातकडचं गिऱ्हाईक आलं की तीच बोलायची. मला गुजराती समजतं, पण बोलताना अडतं. गेल्या पावसाळ्यात ती काविळीनं गेली. तिचं सिम मी अजून चालू ठेवलंय. मुदत संपत आली की माझ्याच दुकानातून त्याला रिचार्ज मारतो.

लोकांना वाटतं बिटकॉइनचं खूळ माझं, कारण मोबाइलवाला मी. तसं नाही. मी तिला नुसतं सांगितलं होतं की असा एक पैसा निघालाय, तो बँकेत नसतो, फोनवरून घेता येतो, भाव वर-खाली होतो. तिनं पहिला प्रश्न विचारला, “तो कुणाच्या नावावर असतो?”

मी म्हटलं, “नावावर नसतोच. ज्याच्याकडे चावी, त्याचा.”

“मग चावी बाईकडे असली तर बाईचा?”

“बाईचा.”

“मग निलमसाठी हेच घे.”

त्याला कारण होतं. जयवंतीला तिच्या लग्नात माहेरून चांदी मिळाली होती. गळ्यातलं, हातातलं, पायातलं. आल्या दिवशी ती चांदी माझ्या आईकडे ठेवायला गेली. पुढे माझ्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा तीच चांदी बहिणीच्या अंगावर चढली. कुणी चोरली नाही, कुणी भांडलं नाही. घरातली वस्तू घरातल्या घरात फिरली. जयवंती एवढंच म्हणायची, “मला विचारलं असतं तर मी दिलीच असती. पण विचारलं नाही कुणी.”

तर मानधनातून वाचेल तसं ती घेत गेली. भाव चढला की मी खूश, उतरला की मी गप्प. ती दोन्ही वेळेला सारखीच. “चिकूचा भाव कधी बघितला नाहीस काय तू?” म्हणायची.

पुढे मी कुरिअरनं कार्डं मागवली. दिसायला एटीएमसारखी, पण वर बँकेचं नाव नाही, आकडे नाहीत, काही नाही. एका डबीत दोन कार्डं येतात. एक वापरायचं, दुसरं जपून ठेवायचं, पहिलं हरवलं तर कामाला यावं म्हणून. कार्ड फोनच्या पाठीला टेकवायचं, आपण ठरवलेला नंबर टाकायचा, की उघडतं. पैसा कार्डात नसतो. कार्ड ही नुसती चावी. हे मी तलासरीत खूप जणांना समजावलंय आणि सगळ्यांना समजलंय. यात अवघड काही नाही.

प्रत्येक कार्डाला नंबर स्वतंत्र लावावा लागतो. दोन्ही कार्डांना जयवंतीनं एकच लावला. तिच्या अंगणवाडीच्या दारावर सरकारी नंबर रंगवलाय, तोच. रोज कुलूप उघडताना तिच्या डोळ्यांसमोर असायचा.

ती गेल्यावर तिच्या बँकेतल्या थोड्याशा पैशासाठी मला दाखले गोळा करत फिरावं लागलं. कार्डाला काही लागलं नाही. मी फोनला टेकवलं, तिचा नंबर टाकला, सगळं जागच्या जागी होतं. त्या दिवशी मला वाटलं, जयवंती बरोबर होती.

निलम डहाणूला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. सुरज तिथेच तिला भेटला. तो धाकट्या डहाणूला बर्फाच्या कारखान्यात आहे आणि खाडीजवळच्या पाड्यावर त्यांचं घर आहे. मुलगा चांगला. या वैशाखात उधव्याला आमच्या दारात मांडव पडला.

आई-बापाच्या जागी पाटावर माझी मेहुणी हिरी आणि तिचा नवरा बसले. एकट्या माणसाला तिथे बसता येत नाही. मी जनरेटरकडे बघत होतो, आचाऱ्याला लाकडं पुरवत होतो. काम असलं की बरं असतं.

कार्ड मी एका पाकिटात घातलं होतं. सोबत एक चिठ्ठी. चिठ्ठीत लिहिलं होतं की निलम, हे तुझ्या आईनं, जयवंतीनं, तुझ्यासाठी ठेवलंय, नंबर तिच्या अंगणवाडीच्या दारावरचा आहे. आणि खाली तो नंबर. दारावरचा रंग उडत चाललाय, पोरीला एखादा आकडा आठवला नाही तर पंचाईत नको, म्हणून लिहिला. पाकीट हिरीच्या हातात दिलं आणि सांगितलं, “हे निलमच्या हातात दे. तिच्याच.”

हिरीनं मान हलवली आणि पाकीट सरळ आहेराच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

आमच्याकडे मांडवात टेबल मांडून आहेर घेतात. जे येईल ते उघडायचं, लिहायचं आणि माइकवर पुकारायचं. कुणाकडून पातेलं, कुणाकडून साडी, कुणाकडून पाकीट. माइकवर माझा चुलत भाऊ हाल्या होता. तालुक्यात कुठलंही लग्न असो, माइकवर हाल्या असतो. त्याच्यासमोर ठेवलेला कागद तो वाचल्याशिवाय सोडत नाही. लग्नपत्रिका दिली तर छापखान्याचं नाव पण वाचतो.

मी चुलीजवळ होतो. हाल्याचा आवाज आला.

“वधूपिता, झिपरूभाऊ मोबाइलवाले, उधवा, यांच्याकडून…” मग तो थांबला. पाकीट फाडल्याचा आवाज माइकवर आला. “यांच्याकडून एटीएम कार्ड! आख्खं एटीएम दिलंय मंडळी! टाळ्या वाजवा!”

टाळ्या वाजल्या. मी लाकडं खाली टाकली.

“सोबत चिठ्ठी आहे. निलम, हे तुझ्या आईनं, जयवंतीनं, तुझ्यासाठी ठेवलंय…”

तिचं नाव माइकवर आलं तेव्हा मांडव शांत झाला. लग्न लावणारी धवलेरी गात होती, ती पण गायची थांबली. मी जिथे होतो तिथेच उभा राहिलो. तेवढ्यानं मला पोचायला उशीर झाला आणि हाल्यानं पुढचं वाचायला घेतलं. एकेक आकडा, सावकाश, मोठ्यानं. आणि गुजरातकडचे पाहुणे होते म्हणून परत एकदा गुजरातीत.

“अरे हाल्या!” मागून कुणीतरी ओरडलं, “बँक कुठली ते पण सांग, म्हणजे आम्ही जाऊन येतो!”

मांडवभर हशा. मी टेबलापाशी पोचलो तेव्हा कार्ड तिथे नव्हतं. ते निलमच्या सासऱ्यांच्या, अमृत व्याह्यांच्या हातात होतं. आहेर पुकारून झाला की मुलाचा बाप तो उचलून आपल्या गाठोड्यात टाकतो. त्यांनी रीतीप्रमाणे उचललं.

“काय व्याही, एवढे धावताय काय?” ते म्हणाले. “तुमचं कार्ड कुणी खात नाही.”

“ते निलमच्या हातात द्यायचं होतं.”

“निलम आता कुणाची? आमची. माझ्या हातात आलं म्हणजे तिच्याच हातात आलं की.”

माझी आई चांदी ठेवून घेताना असंच म्हणाली असेल. अमृत व्याह्यांनी कार्ड साड्यांच्या घडीत सरकवलं आणि गाठोडं बांधलं. मी ओढून घेऊ शकलो असतो. पण मुलीच्या बापानं भर मांडवात व्याह्याच्या हातातली वस्तू ओढली, तर ती गोष्ट निलमच्या नातवंडांनाही ऐकावी लागली असती. मी हात मागे घेतला.

वरात गेल्यावर मी हिरीला विचारलं, “तुला काय सांगितलं होतं मी?”

ती माझ्यावरच चिडली. “लपवून दिलेला आहेर पोरीला लाभतो काय? लोक म्हणाले असते, बापानं काहीच दिलं नाही. आणि ऐक, माझ्या बहिणीचं नाव मांडवात निघालं. तेवढं तरी निघालं. तुझ्यावर असतं तर ते पण पाकिटातच राहिलं असतं.”

मी जनरेटर बंद करायला गेलो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर पहिलंच गिऱ्हाईक हसत आलं. नाक्यावरचा टेम्पोवाला, शुक्रा. “झिपरूशेठ, नंबर बदललात का नाही? मला तर पाठ झाला.” आणि त्यानं खरंच म्हणून दाखवला, बरोबर.

शुक्राच्या हातात कार्ड नव्हतं, म्हणून त्याला नंबर येऊन उपयोग नव्हता. पण अमृत व्याह्यांकडे दोन्ही होतं. ते आज काही करतील असं मला वाटत नव्हतं. पण घर म्हटलं की दिवस येतात. उद्या घराला पत्रे घालायचे असतात, परवा भाच्याचं काही निघतं. कुणीतरी म्हणतं, ते कार्ड पडलंय ना कपाटात? आणि निलमला कुणी विचारत नाही.

दुसरं कार्ड माझ्या गल्ल्याखालच्या खणात होतं. मी ते काढून फोनला टेकवलं. सगळं जागेवर होतं. याच कार्डानं मी तो सगळा ठेवा दुसरीकडे हलवू शकत होतो. मग व्याह्यांकडचं कार्ड रिकाम्या घराच्या चावीसारखं झालं असतं. मी बटणापर्यंत गेलो होतो. काम सोपं होतं आणि पैसा सुरक्षित झाला असता.

मग मी थांबलो. सुरक्षित माझ्या आईनंही ठेवली होती चांदी. मी हलवलं असतं तर निलमला न विचारता हलवलं असतं. व्याह्यांच्या हातातून निघून ते माझ्या खणात आलं असतं, निलमच्या हातात नाही.

मी शटर खाली ओढलं, कार्ड सदऱ्याच्या खिशात घातलं आणि हायवेवर बस पकडली. चारोटीला उतरलो, तिथून डहाणूची जीप धरली.

पाड्यावर पोचलो तेव्हा ओट्यावर आहेराचं गाठोडं सोडून बसले होते. निलमची सासू जिवली भांडी वेगळी करत होती, निलम साड्यांच्या घड्या घालत होती. सुरज पाण्याचा हंडा आत नेत होता. वाऱ्याला सुकत घातलेल्या बोंबलांचा वास होता.

“अरे व्याही!” अमृत व्याही खाटेवरून उठले. “पोरगी काल आली आणि तुम्ही आजच न्यायला?”

“न्यायला नाही. एक द्यायचं राहिलंय.”

“अजून देता? द्या, द्या. आम्ही नाही कुठे म्हणतो.”

पाणी प्यायलो, चहा झाला. मग मी सरळ विषय काढला. जे तलासरीत सगळ्यांना सांगतो तेच सांगितलं, की हे एटीएम नाही.

व्याह्यांनी लक्ष देऊन ऐकलं. “म्हणजे बँकेचं नाही?”

“नाही.”

“मग वर मॅनेजर कोण?”

“कुणी नाही. ज्याच्या हातात कार्ड आणि ज्याला नंबर ठाऊक, तो मालक.”

ते मोठ्यानं हसले. “मग आत्ता मालक मीच की! कार्ड माझ्या कपाटात, आणि नंबर…” त्यांनी नंबर म्हटला. शेजारच्या ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसलेल्या म्हातारीनं शेवटचा आकडा त्यांच्या आधीच म्हटला.

“म्हणूनच आलो,” मी म्हटलं.

त्यांचं हसू कमी झालं. “मी काय चोर दिसतो तुम्हाला?”

“नाही. माझी आई पण चोर नव्हती.” आणि मी त्यांना जयवंतीच्या चांदीचं सांगितलं. निलमनं हे आईकडून ऐकलेलं होतं, ती खाली बघून घडी घालत राहिली. जिवलीचा हात मात्र भांड्यांवर थांबला.

“माझ्या पाटल्या पण अशाच गेल्या,” ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली.

“आता तुझ्या पाटल्या कुठून आल्या यात?” व्याही म्हणाले.

“आल्याच नाहीत परत, तेच सांगते.”

आतून सुरज हसला. व्याह्यांनी त्याच्याकडे डोळे वटारले. “तू काय हसतोस? घरातला पैसा घरात राहिला तर वाईट काय?”

“वाईट नाही,” सुरज दारात येऊन म्हणाला. “पण माझ्या पगाराचं एटीएम तू कधी मागितलं नाहीस.”

“मागितलं असतं तर दिलं असतंस?”

“नाही.”

“बघा!” व्याही मला म्हणाले. “ही आमची पोरं!” पण ते बोलताना त्यांच्या आवाजातला ताठा गेला होता. मग बायकोला म्हणाले, “जा, आण. कपाटाची किल्ली तुझ्याच कमरेला आहे.”

जिवलीनं कार्ड आणलं. ते नवऱ्याकडे दिलं नाही, माझ्याकडेही दिलं नाही. निलमच्या मांडीवरच्या साडीवर ठेवलं.

मी पुढे सरकलो. “आधी अ‍ॅप घ्यावं लागेल, मग कार्ड असं टेकव…”

“येतं मला, बाबा. तुझ्याच दुकानात वाढले ना मी?”

तिनं फोन काढला. कार्ड टेकवलं. जुना नंबर टाकला, मग नवा, मग परत नवा. सगळ्यांनी आपोआप मान दुसरीकडे केली होती. व्याह्यांनी तर पाठच केली. कार्ड तिनं पर्समध्ये टाकलं आणि माझ्याकडे बघितलं.

“दुसरं कुठे आहे?”

“आहे माझ्याकडे.”

“दे.”

मी खिशावर हात ठेवला. येताना मी हे ठरवलं नव्हतं. मला वाटलं होतं, तिच्या कार्डाचा नंबर बदलला की झालं. “हे राहू दे माझ्याकडे. जसं आहे तसं. दुकानात कुलपात असतं.”

“जुन्या नंबरावर?”

“हो.”

“बाबा, तो नंबर आख्ख्या तलासरीला ठाऊक आहे.”

“कार्ड तर माझ्याकडे आहे ना?”

“म्हणजे तुझ्याकडे कार्ड आणि तुला नंबर ठाऊक.” ती माझ्याच शब्दात बोलत होती. “मग मालक कोण?”

व्याही खाटेवर पुढे सरकून बसले. त्यांना आता मजा यायला लागली होती.

“तुझ्या आईनं लावलाय तो नंबर, निलम,” मी म्हटलं. “स्वतःच्या हातानं. ओला हात पदराला पुसून लावला होता. तो काढला की तिनं लावलेलं काही राहत नाही.”

ती उठून माझ्याजवळ येऊन बसली. मग तिनं विचारलं, “आईनं नंबर लावला तेव्हा तुला विचारून लावला होता?”

“नाही. लावला आणि मग सांगितला.”

“मग मी पण लावते. फक्त सांगत नाही.”

मला हसू आलं आणि रडूही आलं. जयवंती असती तर तिनंही कार्ड माझ्या खिशातून असंच काढून घेतलं असतं. मी कार्ड काढून दिलं.

“तोंड तिकडे कर.”

मी खाडीकडे तोंड केलं. भरती चढत होती, एक होडी आत येत होती, दोघं जण उभे राहून वल्ही मारत होते. माझ्यामागे फोन थरथरला, थांबला, परत थरथरला. मला काय वाटलं ते सांगायचं तर, जयवंतीला उधव्याच्या ओढ्याकाठी नेलं त्या दिवसानंतर पहिल्यांदाच मला वाटलं की तिचं एक काम मी पूर्ण केलं. वाईट वाटलंच. पण काम पूर्ण झालं.

“झालं,” निलम म्हणाली आणि कार्ड माझ्या हातात परत ठेवलं.

“हे काय?”

“तूच ठेव. माझं हरवलं, पाण्यात पडलं, तर तुझ्याकडे येईन.”

“आणि मला उघडून बघायचं असलं तर?”

“मला फोन कर. मी सांगेन वर गेलंय का खाली.”

“नंबर?”

“नाही.”

“बघा व्याही,” अमृत व्याही खाटेवरून म्हणाले, “माझ्याकडे तर आता कार्ड पण नाही. तुम्ही माझ्यापेक्षा बरे.”

जिवलीनं आतून ताटं घेतल्याचं सांगितलं. निलम भात वाढायला गेली. मी कार्ड खिशात ठेवलं आणि हात धुवायला उठलो. हाल्याचा फोन आला तेव्हा मी घास हातात घेतला होता. तो घाबरला होता, त्याला आज कुणीतरी समजावलं होतं की त्यानं काय वाचलं.

“झिपरू, माझ्यामुळे काही गेलं तर नाही ना रे?”

“गेलं,” मी म्हटलं. “निलमकडे गेलं. आता निवांत जेव.”